बैलाची लघवी तुंबल्यास

वैशाखात अवर्षणग्रस्त तालुक्यांतील विहिरी तळ गाठतात. जनावरांना दिवसातून एकदाच आणि तेही मोजके पाणी मिळते. त्याच सुमारास मृगाच्या पेरणीसाठी बैलांच्या अंगी ताकद यावी म्हणून शेतकरी त्यांचा खुराक वाढवितो. सरकी पेंडीचा भाव परवडत नसल्यास त्या खुराकात गव्हाचा कोंडा व चुणी यांचाच भरणा अधिक असतो. अशा घरी एखाद्या सकाळी बैल गव्हाणीपाशी अस्वस्थ उभा असलेला आढळतो. तो शेपटी वरखाली हलवितो, मागच्या पायाने पोटावर लाथ मारतो, पाठ कमानीसारखी करून जोर करतो. शेण अडले असावे, असे समजून त्याला गोडेतेल पाजले जाते. शेण पडते, परंतु जोर करणे थांबत नाही. मग कोणी जाणता मनुष्य सांगतो की, मूत कोंडले आहे. हुलग्याचे पाणी, गोखरूचा काढा आणि वर बादलीभर पाणी असा उपचार सुरू होतो. दुसरा दिवस तसाच जातो. तिसऱ्या दिवशी पहाटे पाहावे तो बैल शांत उभा असतो. लाथा मारणे थांबलेले असते, कण्हणे थांबलेले असते; कदाचित तो दोन काड्या कडबाही चघळतो. काढ्याला गुण आला, म्हणून घरातील माणसे निश्चिंत होतात.

वास्तविक त्या रात्री बैलाचे मूत्राशय फुटलेले असते. ताण नाहीसा झाल्यामुळे वेदना थांबते, आजार थांबत नाही. पुढील दोन-तीन दिवसांत पोट दोन्ही बाजूंनी खाली सुटू लागते, बैल चारापाणी सोडतो, मान टाकतो आणि पेरणीच्या तोंडावर दावण रिकामी होते. या रोगात जनावरे दगावतात, त्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत गेलेला वेळ याच फसव्या शांततेत गेलेला असतो. म्हणूनच ग्रामसेवक, पशुधन पर्यवेक्षक, पशुसखी आणि स्वतः शेतकरी यांनी या रोगाचा क्रम नीट समजून घेणे अत्यंत जरूर आहे.

खडा कोठे अडतो

मुतखडा माणसालाही होतो, त्यामुळे त्याविषयीच्या समजुती गावात तयारच असतात. “पुष्कळ पाणी प्यावे, खडा आपोआप पडतो,” हा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो आणि तोच न्याय बैलालाही लावला जातो. परंतु येथे एक मोठा फरक आहे. माणसाचा खडा बहुधा मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीत अडतो. अशा नळ्या दोन आहेत. एक अडली तरी दुसऱ्या बाजूचे मूत्रपिंड आपले काम करीत राहते व लघवी होत राहते. बैलाचा खडा अडतो तो मूत्राशयाच्या पुढे, लघवी बाहेर नेणाऱ्या एकमेव मार्गात. तो मार्ग बंद झाला म्हणजे दोन्ही मूत्रपिंडांचे पाणी एकाच पिशवीत साचू लागते. मोठ्या बैलाला दिवसाकाठी सात-आठ लिटरपासून पंधरा-वीस लिटरपर्यंत लघवी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पिशवीवर एका दिवसात किती ताण येत असेल, याची कल्पना येईल.

हा मार्ग नरामध्ये लांब व अरुंद असून अंडकोशाच्या मागील बाजूस तो इंग्रजी एस अक्षरासारखा वळण घेतो. बैलाचा खडा बहुधा या वळणाच्या खालच्या टोकाशी अडकतो. बोकड व मेंढा यांच्या लिंगाच्या टोकाला गांडुळासारखी बारीक शेपटी असते. तिच्यातून जाणारी वाट इतकी चिंचोळी असते की वाळूच्या कणाएवढा खडाही तेथे बसतो. गाय, म्हैस किंवा शेळी यांना खडे होत नाहीत असे नाही. परंतु मादीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्याने ते बहुधा अडथळा न करता बाहेर पडतात. लघवी तुंबण्याचा रोग मुख्यत्वे बैल, गोऱ्हे, रेडकू, बोकड व मेंढे यांचा आहे, तो यामुळेच.

खच्चीकरणाचाही याच्याशी संबंध आहे. नराच्या अंगी वयात येताना जो स्राव तयार होतो, त्याच्यामुळे मूत्रमार्गाची वाढ होऊन तो रुंदावतो. फार कोवळ्या वयात खच्ची केलेल्या जनावरात ही वाढ खुंटते. गोऱ्हा दाती लागल्यावरच खच्ची करावा, ही पुष्कळ ठिकाणची जुनी रीत या दृष्टीने शहाणपणाची म्हणावी लागेल. याउलट, मांसासाठी पाळलेले बोकड मात्र हल्ली अगदी लहानपणी खच्ची केले जातात व पुढे त्यांना भरडा-कोंडा भरपूर खाऊ घालतात. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की, रोगाला आमंत्रणच मिळते. बकरी ईदेच्या बाजारासाठी महिनोन्महिने पोसलेला बोकड ऐन विक्रीच्या आठवड्यात लघवी तुंबून दगावला, असे होण्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

रोग कसा ओळखावा

निरोगी बैल दिवसातून अनेक वेळा लघवी करतो, चालताचालताही करतो. त्यामुळे तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. नेमके हेच अंगवळणी पडलेले दुर्लक्ष घातक ठरते. बैल अस्वस्थ दिसताच पहिला प्रश्न असावा तो हा, की त्याने शेवटची लघवी केव्हा केली? उत्तर ठामपणे देता येत नसेल, तर बैलाला कोरड्या स्वच्छ जागी बांधून त्याच्याखाली चुलीतील कोरडी राख पसरावी आणि तास-दोन तास कोणी तरी जवळ थांबावे. राख भिजली की नाही, हे पाहण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नाही. या वेळात डॉक्टरांना निरोप पाठविण्याचे मात्र थांबवू नये.

सुरुवातीस लघवी थेंबथेंब पडते. कधी ती तांबूस असते. लघवीच्या तोंडाभोवतीचे केस कोरडे राहतात व पुष्कळदा त्यांवर पिठासारखे किंवा रेतीसारखे कण चिकटलेले सापडतात. जनावर दात खाते, वारंवार उठते-बसते. गुदद्वाराच्या खाली, दोन्ही मांड्यांच्या मध्ये, जोर करताना मूत्रमार्ग उडत असल्यासारखा दिसतो. बोकड अशा वेळी ओरडतो व कुंथतो. कुंथणे पाहून बद्धकोष्ठ समजले जाते. ही चूक इतकी सर्रास होते की पोटदुखीच्या प्रत्येक नर जनावराची लघवी तपासूनच पुढील विचार करावा, हे बरे.

या अवस्थेत काय करू नये, हे अधिक महत्त्वाचे आहे. वाट बंद असताना लघवी वाढविणारे कोणतेही औषध, मग ते घरगुती असो वा दुकानातील, देऊ नये. हुलगा, गोखरू, पुनर्नवा या वनस्पती वाईट आहेत असा याचा अर्थ नव्हे. पण पुढचा दरवाजा बंद असताना मागून पाण्याचा लोंढा सोडल्यास पिशवी लवकर फुटेल, ही साधी गोष्ट आहे. जबरदस्तीने बादल्या पाजणेही त्याच कारणाने चुकीचे. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नये. वेदनेवर कोणाकडून तरी सुई टोचून घेणे हाही धोका आहे. वेदना झाकली जाते व मूत्रपिंडांवर ताण असताना काही वेदनाशामके त्यांना आणखी इजा करतात. यांपैकी डायक्लोफिनॅक हे औषध तर गिधाडांच्या संहारास कारण ठरल्याने २००६ सालापासून भारतात जनावरांसाठी बंद केलेले आहे, तरी माणसांसाठीच्या कुप्या वापरून ते टोचणारे अजूनही भेटतात.

जनावर दवाखान्यात न्यावयाचे असेल तर मैलोगणती चालवीत नेऊ नये. वाहनात खाली पेंढा अंथरावा, चढविताना-उतरविताना ते पडणार नाही अशी काळजी घ्यावी. तट्ट फुगलेले मूत्राशय एका हिसक्यानेही फुटू शकते. शक्य असेल तेथे गुरांच्या डॉक्टरांनाच गोठ्यावर बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. निरोप देताना “बैल आजारी आहे” एवढेच न सांगता, “अमुक वेळेपासून लघवी झालेली नाही” असे सांगावे. या एका वाक्याने डॉक्टर कोणती सामग्री घेऊन निघतात, यात फरक पडतो.

दोन मोठे उपद्रव

अडथळा पूर्ण असेल तर साधारणपणे दोन-तीन दिवसांत दोहोंपैकी एक गोष्ट घडते. मूत्राशय फुटते, अथवा खडा जेथे रुतून बसला आहे तेथे मूत्रमार्ग कुजून फुटतो.

मूत्राशय फुटल्यावर लघवी पोटाच्या पोकळीत सांडते. वर वर्णिलेली शांतता हीच. त्यानंतर पोटाचा खालचा भाग दोन्हीकडे सारखा वाढतो, एका बाजूने थोपटले असता दुसऱ्या बाजूस पाण्याची लाट जाणवते. पोटफुगी समजून येथेही फसगत होते. परंतु वायूने फुगलेले पोट डाव्या कुशीत वर फुगते, पाण्याने भरलेले पोट खाली लोंबते. लघवीतून बाहेर जावयाची विषारी द्रव्ये रक्तात साठतात, जनावर सुस्त होते, डोळे खोल जातात, श्वासाला लघवीसारखी दुर्गंधी येते. डॉक्टर पोटातील पाणी सुईने काढून ते रक्ताशी ताडून पाहतात. त्यात क्रिएटिनीन हे द्रव्य रक्ताच्या दुपटीहून अधिक आढळले, तर ते पाणी म्हणजे लघवीच, असे निश्चित होते.

मूत्रमार्ग फुटल्यास लघवी कातडीखाली पसरते. मागच्या पायांच्या मधून पोटाखाली बेंबीकडे सूज चढत जाते, बोटाने दाबल्यास खळगा पडतो, पुढे ती जागा थंड व काळपट होते. तिला मार लागल्याची किंवा साप-विंचवाच्या दंशाची सूज समजून शेक देण्याने काहीही साधत नाही. उपचार न मिळाल्यास तेथील कातडी सडून गळते. हे दृश्य भयंकर असले तरी अशा जनावराची आशा लगेच सोडू नये. कातडीला चिरा देऊन कोंडलेली लघवी काढून टाकली व तिला वरच्या बाजूस नवी वाट करून दिली, तर जखमा हळूहळू भरून येतात.

उपचार

“माणसाला नळी घालतात तशी बैलाला घाला,” अशी मागणी डॉक्टरांकडे नेहमी होते. बैलाच्या मूत्रमार्गातील ते एस वळण आणि त्याच्याही वर असलेला एक खळगा यांमुळे टोकाकडून घातलेली नळी मूत्राशयापर्यंत सहसा पोचत नाही. बाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याचे यंत्र माणसावर प्रथम १९८० साली जर्मनीत म्युनिक येथे वापरले गेले व आता ते मोठ्या शहरांतून उपलब्ध आहे. परंतु गावच्या बैलासाठी तशी सोय नाही आणि पूर्ण अडथळ्यात तिची वाट पाहण्यास वेळही नाही. म्हणून बैलाच्या बाबतीत खरा उपाय शस्त्रक्रिया हाच होय.

बोकडाचा खडा टोकाच्या शेपटीत असेल तर ती शेपटी कापून टाकताच कित्येकदा धार सुटते. हे काम काही मिनिटांचे आहे, पण ते डॉक्टरांनीच करावयाचे आहे. शिवाय आत आणखी खडे असल्यास काही तासांत वा दिवसांत लघवी पुन्हा तुंबते, म्हणून धार सुटली तरी नजर ठेवावी लागते. बैलाला कमरेत भूल देऊन अंडकोशाच्या मागे चीर घेतात, बोटांनी चाचपून खडा शोधतात व काढतात. मूत्रमार्ग निरोगी असेल तर टाके घालून तो पुन्हा बंद करतात. तो सडला असेल तर गुदद्वाराखाली लघवीला कायमची नवी वाट करून देतात. असा बैल गाईसारखा मागे लघवी करतो. पैदाशीच्या वळूच्या बाबतीत हा उपाय निरुपयोगी असला, तरी औताच्या बैलाचे काम त्याने अडत नाही. हे तोंड पुढे आकसण्याचा संभव असतो, म्हणून धार बारीक होत चालली की दवाखाना गाठावा.

वासरे, रेडकू व बोकड यांच्यात, आणि काही वेळा मोठ्या बैलातही, आणखी एक पद्धत बरीच रूढ झाली आहे. पोटाच्या बाजूने मूत्राशयात टोकाला फुगा असलेली रबरी नळी बसवितात आणि लघवी त्या वाटेने वाहू देतात. फुटलेले मूत्राशय असल्यास ते त्याच वेळी शिवून घेतात. अडलेल्या मार्गाला अशा रीतीने विश्रांती मिळते, सूज उतरते व औषधाने खडा विरघळण्यास अवधी मिळतो. आठवडाभराने नळी काही वेळ बंद करून पाहतात. नैसर्गिक मार्गाने धार चांगली येऊ लागली की साधारणतः दहा-पंधरा दिवसांत नळी काढून टाकतात.

या पंधरा दिवसांत यश मिळते ते गोठ्यात. जनावर एकटे बांधावे. शेजारचे जनावर नळी चाटते, ओढते. दावे इतके लांब नसावे की नळी खुंट्यात किंवा पायात अडकेल. सकाळ-संध्याकाळ नळीतून थेंब पडतात की नाही ते पाहावे. थेंब थांबल्यास ती तुंबली असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, स्वतः काडी घालून साफ करू नये. माश्या बसून जखमेत अळ्या पडू नयेत म्हणून जागा कोरडी ठेवून सांगितलेले औषध लावावे. आता मात्र पाणी हवे तेवढे पिऊ द्यावे, कारण वाट मोकळी झालेली आहे.

खडा विरघळविण्यासाठी डॉक्टर बहुधा अमोनियम क्लोराइड देतात. हाच कल्हईवाल्याचा नवसागर होय. तो लघवीस आम्लता आणतो व फॉस्फेटचे खडे त्याने विरतात. तथापि बाजारी नवसागर शुद्ध असतोच असे नाही आणि मात्रा चुकल्यास जनावराचे रक्त आम्लधर्मी होऊन ते खाणे सोडते. म्हणून तो वजनाच्या मानाने, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच द्यावा. चव वाईट असल्याने गुळाच्या पाण्यातून पाजणे सोयीचे पडते. वाळूसारख्या सिलिकाच्या किंवा ऑक्झलेटच्या खड्यांवर त्याचा विशेष उपयोग होत नाही.

खुराक व पाणी

खडे कशाचे होतात, हे दावणीवर अवलंबून असते. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस फार व कॅल्शियम अगदीच थोडे असते. कोंडा, भरडा व चुणी यांवरच पोसलेल्या नराच्या लघवीत जास्तीचा फॉस्फरस उतरतो आणि लघवी अल्कधर्मी असल्याने तो खड्याच्या रूपाने गोठतो. एकंदर आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट असावे, असा हिशेब आहे. यासाठी कोंड्याचे प्रमाण कमी करून लसूणघासासारखी द्विदल वैरण काही प्रमाणात द्यावी. ती नसल्यास खाद्यासाठीची चुनखडीची भुकटी किती मिसळावी, हे डॉक्टरांना विचारावे. दुभत्या जनावरांसाठीच्या खनिज मिश्रणात फॉस्फरसही असतो. भरपूर कोंडा खाणाऱ्या बैलास किंवा बोकडास तेच मिश्रण डोळे झाकून देत राहणे बरोबर नाही. भाताच्या पेंढ्यात व वाळलेल्या डोंगरी गवतात सिलिका पुष्कळ असते. कोकणात व मावळात केवळ पेंढ्यावर बैल ठेवण्याऐवजी त्यात हिरवी वैरण मिसळणे इष्ट.

तरीही सर्वांत स्वस्त उपाय पाणी हाच आहे. उन्हाळ्यात कामाच्या मोठ्या बैलाला दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी लागते. एकदम मिळालेले पाणी तो सगळे पीत नाही. म्हणून निदान दोन-तीन वेळा पाजावे. थंडीत गारठलेल्या पाण्यास जनावर तोंड लावीत नाही, त्या दिवसांत विहिरीचे ताजे कोमट पाणी द्यावे. खुराकात शेकडा एक ते चार भाग मीठ घातल्याने तहान वाढून लघवी पातळ राहते. मात्र जेथे पाण्याचीच टंचाई आहे, तेथे मीठ वाढविणे उलट अपायकारक होय. टंचाईच्या महिन्यांत खुराक वाढविण्यापूर्वी पाण्याची तजवीज पाहावी, आणि ती होत नसेल तर कोंडा तेवढा कमी करावा.

शस्त्रक्रियेत निघालेला खडा शेतकऱ्याने मागून घेऊन कोरड्या कागदात बांधून ठेवावा. पशुवैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगशाळेत तो कशाचा आहे, हे तपासण्याची विनंती डॉक्टरांमार्फत करता येते. बैलजोडीतील दुसरा बैल त्याच गव्हाणीत तोच खुराक खात असतो व त्याच हौदाचे पाणी पीत असतो. त्याच्या वैरणीत काय बदल करावयाचा, ते त्या तपासणीवरून ठरविता येते.